गळका नळ : घरच्या घरी दुरुस्ती

रात्री घरातील सर्व कामे आटोपतात, दिवे मालवले जातात आणि घर शांत होते. अशा वेळी स्वयंपाकघरातून येणारा एक बारीक आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागतो. मोरीतील भांड्यावर नळातून थेंब पडत असतो. पहिल्या दिवशी घरातील कोणीतरी उठून नळ घट्ट पिळतो व आवाज थांबतो. चार दिवसांनी अधिक जोर लावावा लागतो. पंधरवड्यानंतर कितीही जोर लावला तरी थेंब थांबत नाही. मग नळाखाली बालदी ठेवली जाते आणि घराला त्या आवाजाची सवय होऊन जाते. नळ बिघडतो याचे फारसे नवल नाही. वापरातली वस्तू कधीतरी झिजणारच. परंतु त्या बिघाडाची सवय होणे ही मात्र खरी हानी होय. कारण बहुतेक वेळा या बिघाडाचे मूळ नळाच्या पोटातील एका लहानशा रबरी चकतीत असते आणि ती बदलण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

ही दुरुस्ती कोणत्याही कुटुंबातील जाणत्या स्त्री-पुरुषास व शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांस समजण्यासारखी आहे. ती कशी करावी, ती करताना कोणती काळजी घ्यावी आणि कोठे थांबून कारागिरास बोलवावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

एका थेंबाचा हिशेब

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याची काटकसर कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. परंतु हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. येथील नद्या आखूड आहेत, सह्याद्रीपासून समुद्र जवळ आहे, आणि पावसाचे पाणी पाहता पाहता खाडीस मिळते. म्हणूनच एप्रिल व मे या महिन्यांत विहिरींचा तळ दिसू लागतो व उंचावरील वाड्यांतून पाण्याची ओढ लागते.

नळातून येणारे पाणी हे नुसते पावसाचे पाणी नव्हे. खांडेपार नदीवरील ओपा, सांगे तालुक्यातील साळावली, बार्देशातील अस्नोडा, पेडण्यातील चांदेल, सत्तरीतील दाबोस अशा ठिकाणी ते शुद्ध केले जाते. नदीचे किंवा धरणाचे पाणी उपसायचे, त्यात तुरटी मिसळून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून ते गाळायचे, क्लोरीनने जंतुरहित करायचे आणि पुन्हा पंपांच्या साहाय्याने टेकडीवरील टाकीत चढवायचे, एवढे संस्कार झाल्यावर ते घरात पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर वीज, रसायने व माणसांचे श्रम खर्ची पडतात. गळक्या नळातून जे पाणी जाते ते हे सर्व सोपस्कार पार पडलेले पाणी होय.

नळातून दर सेकंदास एक थेंब पडतो असे धरू. नळाचा थेंब साधारणतः पाव मिलिलिटरचा असतो. एका तासात ३,६०० थेंब, म्हणजे ९०० मिलिलिटर पाणी वाया जाते. चोवीस तासांत हा आकडा २१ लिटर ६०० मिलिलिटरवर जातो. म्हणजे दहा लिटरच्या दोन कळशा भरून वर थोडे उरते. ज्या स्त्रियांनी विहिरीवरून डोक्यावर व कमरेवर पाणी वाहिले आहे, त्यांना या दोन कळशांचे वजन सांगावे लागणार नाही. एका वर्षात हे पाणी ७,८८४ लिटर होते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. त्या हिशेबाने पाहता एका गळक्या नळातून वर्षभरात वाहून जाणारे पाणी एका माणसास १४३ दिवस पुरले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. घरोघरी नळ पोहोचविण्याचे काम शासनाने केले. परंतु घरातील नळ नीट राखण्याचे काम कोणतेही खाते घरोघर जाऊन करू शकणार नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. शिवाय एकाच नळवाहिनीवर अनेक घरे असतात. वाटेतील घरांतून पाणी गळत राहिले की दाब कमी होतो आणि त्याची झळ वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, चढावर राहणाऱ्या कुटुंबास पोहोचते. आपल्या मोरीत पडणारा थेंब हा दुसऱ्याच्या कळशीतून गेलेला असतो, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

गळतीचे आणखीही तोटे आहेत. सतत ओल राहिल्याने भिंतीचा गिलावा सुटतो व लाकडी कपाटांस बुरशी लागते. नळाखाली ठेवलेल्या बालदीतील स्वच्छ व स्थिर पाणी डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासास अंडी घालण्यास विशेष मानवते. आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात. तेव्हा बालदी ठेवणे हा गळतीवरील उपाय मानता येणार नाही.

नळाची अंतर्रचना

दुरुस्तीपूर्वी नळ आतून कसा असतो हे समजून घेणे इष्ट. मळसूत्राने उघडणारा व मिटणारा नळ इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यात १८४५ साली पेटंट घेऊन बनविला जाऊ लागला. आजही खेड्यापाड्यांतील बहुसंख्य पितळी नळ त्याच तत्त्वावर चालतात.

नळाच्या पितळी अंगात मध्यभागी एक वाटोळे छिद्र असते. त्याच्या काठास बैठक म्हणतात. पाणी या छिद्रातूनच वर येऊन तोंडाकडे जाते. बैठकीवर एक रबरी चकती बसते. हीच वॉशर, बोलीभाषेत वायसर. ही चकती एका छोट्या पितळी तबकडीस लावलेली असते आणि तबकडी स्पिंडल नावाच्या आटे असलेल्या दांड्याच्या टोकास असते. वरची मूठ फिरविली की दांडा खाली उतरतो, चकती बैठकीवर दाबली जाते व पाणी थांबते. दांड्याच्या बाजूने पाणी वर येऊ नये म्हणून त्याच्याभोवती सुताचे किंवा रबराचे वेटोळे भरलेले असते व त्यावर ग्लँड नावाचा एक लहान नट असतो.

गेल्या काही वर्षांत निराळ्या बनावटीचे नळही घरोघर दिसू लागले आहेत. त्यांची मूठ पाव फेऱ्यातच पूर्ण उघडते. त्यांत रबरी चकतीऐवजी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. या चकत्या ज्या नळकांडीत बसविलेल्या असतात तिला कार्ट्रिज म्हणतात. असा नळ गळू लागल्यास आधी कार्ट्रिज बाहेर काढून तिच्या तळाचे रबरी कडे व चकत्यांतील वाळूचे कण पाहावेत. स्वच्छ करूनही गळती थांबली नाही तर संपूर्ण कार्ट्रिज बदलावी.

गळतीचे निदान

वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तद्वत नळ उघडण्यापूर्वी पाणी नेमके कोठून येते ते पाहावे. यासाठी नळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा व पाच मिनिटे निरीक्षण करावे.

नळ बंद असताना त्याच्या तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वॉशरमध्ये किंवा बैठकीत आहे. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर दोष ग्लँडमध्ये आहे. नळ भिंतीस जेथे जोडला आहे तेथे ओल दिसत असेल तर सांध्यातील आट्यांवरचे वेष्टन निकामी झाले आहे. मोरीवरील ज्या नळाचे लांब तोंड डावी-उजवीकडे वळते, त्याच्या वळणाच्या जागी पाणी येत असेल तर तेथील रबरी कडे झिजले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गावातील जलवाहिनी दुरुस्त झाल्यानंतर लगेच नळ ठिबकू लागला असेल तर वाळूचा कण वॉशरखाली अडकलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी नळाखाली बालदी ठेवून तो काही क्षण पूर्ण उघडावा व पुन्हा हलक्या हाताने बंद करावा. पुष्कळदा कण वाहून जातो व दुरुस्तीची गरजच राहत नाही.

लागणारे साहित्य

या कामास पुढील वस्तू जवळ असाव्यात : मापाप्रमाणे लहानमोठा करता येणारा एक पाना, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, नळाच्या मापाचे वॉशर, टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी, दात घासण्याचा जुना ब्रश, जाड फडके आणि बालदी. घरगुती नळ बहुधा अर्धा इंची असतो. काही ठिकाणी पाऊण इंची आढळतो. माप अजमावण्यापेक्षा जुने वॉशर काढून दुकानात घेऊन जावे व त्याच मापाचे घ्यावे. दोन वॉशर जास्तीचे घेऊन ठेवल्यास पुढील वेळी बाजारात जाण्याची गरज पडत नाही.

सायकलची ट्यूब, चामडे किंवा जुन्या चपलेचे रबर कापून वॉशर बनविण्याची पद्धत अनेक घरांतून रूढ आहे. आणीबाणीच्या प्रसंगी तिने एखादा दिवस निभावता येईल. परंतु हे रबर पाण्यात फुगते, लवकर झिजते आणि पिण्याच्या पाण्यास वास येतो. काही रुपयांच्या वस्तूसाठी ही तडजोड करू नये.

वॉशर बदलण्याची कृती

१. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी आधी भरून ठेवावे. त्यानंतर नळाकडे येणारे पाणी बंद करावे. छपरावर टाकी असल्यास टाकीच्या बुडाशी किंवा स्वयंपाकघराकडे येणाऱ्या वाहिनीवर व्हॉल्व्ह असतो. पाणी थेट सार्वजनिक वाहिनीतून येत असल्यास मीटरनंतरचा व्हॉल्व्ह बंद करावा. मीटरचे सील किंवा मीटरपूर्वीचा भाग यांस हात लावू नये.

२. गळका नळ पूर्ण उघडून वाहिनीत उरलेले पाणी बालदीत घ्यावे. धार थांबली की व्हॉल्व्ह खरोखरच बंद झाला याची खात्री पटते. पाणी येतच राहिले तर व्हॉल्व्ह निकामी आहे असे समजावे आणि पुढे जाऊ नये.

३. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे. लहान स्क्रू जाळीतून निसटला तर अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसाचे होते. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने एका ताटात मांडून ठेवावा. जोडणी करताना हाच क्रम उलटा करावयाचा असतो.

४. मुठीवरील लहान टोपण नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचलावे. आतील स्क्रू काढून मूठ वर ओढावी. मूठ अडकून बसली असेल तर तिच्यावर कढत पाण्यात भिजविलेले फडके काही वेळ गुंडाळावे. हातोडीचा उपयोग मुळीच करू नये.

५. मुठीचा दांडा अर्धा उघडा ठेवावा. नळ घट्ट बंद असताना डोके सोडविल्यास दांडा व बैठक यांवर ताण येतो. आता नळाच्या डोक्याभोवती फडके गुंडाळावे, म्हणजे पान्याच्या दातांनी मुलामा खरवडला जाणार नाही. एका हाताने नळाचे अंग घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा.

या ठिकाणी विशेष सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या घरांतून भिंतीत गाडलेले लोखंडी नळ गंजलेले असतात. नळाचे अंग न धरता जोर लावल्यास पाना डोके सोडविण्याऐवजी भिंतीतील बाक पिळून टाकतो, आणि मग वॉशरसाठी हाती घेतलेले काम भिंत फोडण्यापर्यंत जाते. प्लास्टिकच्या वाहिन्यांतील जोड तर याहून नाजूक असतात. डोके सहज सुटत नसल्यास जोर न वाढविता कारागिरास बोलवावे. यात कमीपणा नाही.

६. डोके बाहेर आले की दांड्याच्या टोकाशी वॉशर दिसेल. काही नळांत तबकडी सुटी असते व ती बैठकीवरच राहते. ती पकडीने उचलून घ्यावी. वॉशर लहान नटाने आवळलेले असल्यास नट सोडवावा. जुन्या वॉशरवर बैठकीच्या काठाने कोरलेले गोल वर्तुळ बहुधा दिसते. रबर कडक झालेले असते. हे वर्तुळ म्हणजे नळ दररोज गरजेपेक्षा अधिक जोराने पिळल्याची निशाणी होय.

७. नवीन वॉशर बसविण्यापूर्वी बैठक तपासावी. बोटाचे टोक तिच्या काठावरून हळूच फिरवावे. काठ गुळगुळीत लागला पाहिजे. गाळ, वाळू किंवा पांढरे क्षार साचले असल्यास ब्रशने घासून काढावेत. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांतून ते अधिक आढळतात. ब्रशाने न निघणाऱ्या क्षारांवर व्हिनेगरमध्ये भिजविलेला बोळा काही वेळ ठेवावा. काठावर खाच पडली असेल तर नवीन वॉशरही फार दिवस टिकणार नाही. बैठक घासून सारखी करण्याचे हत्यार कारागिराकडे असते. नळ जुना असल्यास मात्र तो बदलणेच स्वस्त पडते.

८. नवीन वॉशर तबकडीत सपाट बसवावे, नट हलकेच आवळावा आणि सर्व भाग उलट क्रमाने जोडावेत. आटे आधी हाताने फिरवून नीट बसले आहेत याची खात्री करावी व नंतरच पाना लावावा. आत यंत्राचे तेल किंवा वंगण लावू नये. ही पिण्याच्या पाण्याची वाट आहे.

९. नळ थोडा उघडा ठेवून मुख्य व्हॉल्व्ह सावकाश सोडावा. आधी हवा बाहेर पडेल, मग गढूळ पाणी येईल. ते बालदीत घेऊन झाडांना घालावे. पाणी स्वच्छ आले की नळ हलक्या हाताने बंद करावा. नळाच्या तोंडाखाली कोरडा कागद ठेवून अर्धा तास पाहावे. कागद कोरडा राहिला म्हणजे काम साधले.

मुठीखालची गळती

मुठीखालून पाणी झिरपत असेल तर पाणी बंद करून मूठ काढावी व ग्लँडचा नट पान्याने अर्धपाव ते पाव फेरा आवळावा. याहून अधिक आवळल्यास दांडा फिरेनासा होतो. एवढ्याने गळती न थांबल्यास नट पूर्ण काढून आतील कुजलेले वेटोळे स्वच्छ करावे. टेफ्लॉन टेप पिळून तिची दोरी करावी, ती दांड्याभोवती नट आवळण्याच्या दिशेने गुंडाळून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खाली दाबावी व नट पुन्हा बसवावा. ज्या नळांत वेटोळ्याऐवजी रबरी कडे असते तेथे त्याच मापाचे नवीन कडे घालावे. वळणाऱ्या तोंडाच्या बुडाशी होणारी गळतीही असेच कडे बदलल्याने थांबते.

संपूर्ण नळ केव्हा व कसा बदलावा

नळाच्या अंगास चीर गेली असेल, आटे झिजून गुळगुळीत झाले असतील, किंवा वॉशर बदलूनही महिनाभरात पुन्हा गळती सुरू होत असेल, तर नळ बदलावा. नवीन नळ घेताना केवळ चकाकी पाहू नये. पाणीपुरवठ्यासाठी वापरावयाच्या मळसूत्री पितळी नळांचे भारतीय मानक आयएस ७८१ हे आहे. असा नळ घेताना त्यावर आयएसआय खूण पाहून घ्यावी. हातात घेऊन वजनही अजमावावे. फार हलका नळ पातळ धातूचा असण्याचा संभव असतो.

जुना नळ पान्याने उलट फिरवून काढावा. भिंतीतील आट्यांत अडकलेले सूत व टेप ब्रशने स्वच्छ करावे. पूर्वी सांध्यावर सूत गुंडाळून सफेदा लावण्याची चाल होती. शिसेयुक्त सफेदा पिण्याच्या पाण्याच्या सांध्यात वापरू नये. शिसे शरीरास, विशेषतः लहान मुलांस, घातक असते. त्याऐवजी टेफ्लॉन टेप वापरावी. नवीन नळाचे आटे आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. आठ ते दहा वेढे सामान्यतः पुरतात. उलट दिशेने गुंडाळलेली टेप नळ बसविताना सुटून गोळा होते. सर्वांत पुढचा आटा मोकळा ठेवावा, म्हणजे नळ सरळ धरला जातो आणि टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत.

नळ आधी हाताने जाईल तेवढा बसवावा व शेवटी पान्याने त्याचे तोंड बरोबर खाली येईतो फिरवावा. तोंड पुढे गेले म्हणून नळ मागे फिरवू नये. मागे फिरविलेला सांधा हमखास गळतो. तसे झालेच तर नळ काढून, जुनी टेप टाकून, नवीन गुंडाळावी. प्लास्टिकच्या वाहिनीवर पाना बेताने चालवावा.

कारागिरास केव्हा बोलवावे

मुख्य व्हॉल्व्ह बंद होत नसेल, भिंतीच्या आत ओल पसरत असेल, भिंतीतील आटेच झिजले असतील, किंवा नळ विजेवर पाणी तापविणाऱ्या उपकरणास जोडलेला असेल, तर घरी प्रयोग करू नयेत. मीटरच्या आधी किंवा रस्त्यावरील वाहिनीवर गळती दिसल्यास ती त्या भागातील पाणीपुरवठा कार्यालयास त्वरित कळवावी. कारागीर काम करीत असताना घरातील एकाने शेजारी उभे राहून पाहावे. पुढच्या वेळी तेच ज्ञान उपयोगी पडते.

शाळांसाठी एक उपक्रम

शिक्षकांना या विषयातून विज्ञान व गणित यांचा एक सोपा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील, शाळेतील आणि मंदिर, चॅपेल, पंचायत अशा सार्वजनिक ठिकाणांचे नळ पाहून गळक्या नळांची यादी करावी. प्रत्येक गळक्या नळाखाली एक तास भांडे ठेवून जमलेले पाणी औषधाच्या मापाने मोजावे, त्यास २४ ने व नंतर ३६५ ने गुणावे, आणि येणाऱ्या लिटरांस ५५ ने भागावे. एका माणसाचे किती दिवसांचे पाणी वाया जात आहे हे उत्तर त्यांच्याच हातून निघेल. त्यानंतर शाळेतील एक नळ शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडून दाखवावा, वॉशर बदलावे, आणि त्याच भांड्याने पुन्हा एक तास मोजावे. फळ्यावरील दोन आकड्यांमधील अंतर पुस्तकातील धड्याहून अधिक काळ स्मरणात राहील. मोजणीसाठी जमविलेले पाणी अर्थातच शाळेच्या बागेत घालावे.

नळ टिकविण्याचा नियम

नळाचे आयुष्य वाढविण्याचा नियम एकच व सोपा आहे : नळ पिळू नये, मिटावा. पाण्याची धार थांबली की हात थांबला पाहिजे. थेंब पडतो म्हणून अधिक पिळणे, अधिक पिळल्याने रबर कापले जाणे, आणि रबर कापले गेल्याने अधिक थेंब पडणे, अशा फेऱ्यात बहुसंख्य नळ निकामी होतात. घरातील मुलांना हे एकदा दाखवून दिले तर पुरे. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या आधी फेब्रुवारी महिन्यात, घरातील सर्व नळ पुसून कोरडे करून तपासावेत व मुख्य व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडावा. वर्षानुवर्षे न फिरविलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी अडून बसतो.

स्वयंपाकघरातील नळ दुरुस्त करणे हे केवळ स्त्रियांचे किंवा केवळ पुरुषांचे काम नव्हे. ज्याच्या कानावर थेंबाचा आवाज पडला त्याचे ते काम आहे. एक लहान चकती, एक पाना आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर दररोजच्या दोन कळशा वाचतात. मे महिन्याच्या अखेरीस, टेकडीवरील वाडीत एखादी गृहिणी नळ उघडून वाट पाहत उभी असते, तेव्हा त्या दोन कळशांची किंमत तिला विचारावी.